बारा ते एक मोटर बंद

आमच्या आत्तीला कोल्हापुरात मंगळवार पेठंत माघारी काय म्हणत्यात ते मला ठाऊक हाय. एकदा नळावर एक बाई माझ्या देखत चेटकीण म्हणाली. तिची भरलेली घागर मी गटारीत उपडी केली. तवापास्नं माझ्यासमोर कोण म्हणत न्हाय. पर घागरी उपड्या करून खरं काय ते लोकास्नी कळत न्हाय, म्हणून हे लिवतोय. मी पोरगीच हाय, पर आमच्यात बायका-पोरी बी आलो-गेलोच म्हणत्यात, तेवढं समजून घ्या.

आत्ती म्हंजी माझ्या बापाची थोरली भन, झुंबरबाई. ती बंगल्यांच्या बागा करती. नुसती झाडं लावायला तिला बोलवू नगा, ती येणार न्हाय. तिच्या बागंत पाणी लागतंयच. कोपऱ्यात दगडं रचून धबधबा, खाली गुडघाभर हौद, हौदात कुमुदं, आन् तेच पाणी मोटरीनं परत वर. नववीत माझी शाळा सुटली तवापास्नं मोटर, पाइप, वायर माझ्याकडं. दगडं आन् फुलं तिच्याकडं.

दगडं ती कानानं लावायची. मोटर चालू करायची, डोळं मिटून हुबं ऱ्हायाचं, मग बोट दावायचं. "ह्यो डावीकडं कलता कर." कलता केला की परत डोळं मिटायचं. दिवस मावळंपर्यंत ह्योच खेळ. मी वैतागायचो.

"आत्ती, चांगलं पडतंय की पाणी."

"पडतंय. बोलत न्हाय."

फुलं आशी लावायची की थंडी सरली की कळ्या धरायच्या आन् चैतात सगळी बाग एकदम उठायची. मोगरा, फ्लॉक्स, पिटुनिया, मालकीणबाईला पायजे तो रंग. पाण्याच्या कडंला मातूर पिवळंच. तितं मालकिणीचं काय चालायचं न्हाय. एक बाई म्हणाली, हितं जांभळं लावा. आत्ती म्हणाली, "मग पाणी बी दुसऱ्याकडनं करून घ्या." बाईनं पिवळंच लावून घेतलं. बाग बघून मग लोकं म्हणायची, पाण्याकडंला पिवळं, ही झुंबरबाईची बाग.

आन् एक नियम. दुपारी बारा ते एक मोटर बंद. सगळ्या बंगल्यात ह्योच नियम. का, तर मोटर तापती. मोटर माझ्याकडं असल्यामुळं मला ठाऊक हुतं की ती तापत न्हाय. एकदा इचारलं तर म्हणाली, "तुझं काम वायरीचं. वायरीचं बघ."

खरं कारण मला लई नंतर कळलं. तुमाला आधीच सांगतो, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय.

आत्तीचं सासर शाहूवाडीकडं डोंगरात. गाव धरणात गेलं. गावाखालनं ओढा हुता आन् ओढ्याकडंला आसरांची सात दगडं. आसरा म्हंजी पाण्यातल्या सात भनी. भर दुपारी त्या वर येत्यात, म्हणून बाराला पाण्याकडं जाऊ नये आसं आमच्यात म्हणत्यात. गाव हलवायच्या दिवशी सगळी घरावरची कौलं उतरवत हुती, ट्रकात भांडी भरत हुती. आत्तीची एकुलती एक पोरगी, सोनकी, पाच वर्साची, आसरांस्नी फुलं वाहून येतो म्हणून गेली. रोज जायची, कोण आडवायचं न्हाय. ओढ्याचा आवाज घरापर्यंत यायचा. त्या दुपारी आवाज थांबला. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. धरणाचं पाणी असंच येतंय, पुढनं वाहत न्हाय, मागनं फुगत येतंय, आवाज न करता. ध्यानात आलं तवा ओढा न्हवताच, नुसतं गप पाणी. त्यावर पिवळी फुलं.

पोरगी घावली न्हाय. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, आसरांनी ठिवून घेतली. आवडलं पोर की ठिवून घेत्यात. आत्तीनं एवढंच धरलं. मेली न्हाय, ठिवून घेतलीया. नवऱ्यानं नव्या गावात दुसरी बायकू केली, आत्ती हिकडं माझ्या बापाकडं आली, एका नर्सरीत पिशव्या भरायला लागली, तितनं बागा शिकली. आन् जिथं हौद केला तिथं तळाला, कुमुदांच्या मुळात, सात दगडं हळदकुकू लावून मांडायची. त्यांच्या कुशीला एक आठवा, लिंबाएवढा. पाणी गप झालं तवा सोनकी गेली, म्हंजी पाणी गप केलं की ती येणार, आसं तिचं गणित. म्हणून बारा ते एक मोटर बंद. आख्ख्या कोल्हापुरात बंगल्याबंगल्यात पोरीसाठी जागा करून ठिवलेली, आन् मला वायरी बघ म्हणती.

हे सगळं बाहीर पडलं ताराबाई पार्कातल्या मल्लेशअण्णांच्या बंगल्यात. अण्णांची गुळाची अडत. घरात त्यांची बायकू पवित्रावहिनी, आई शांतव्वा आन् पाच वर्साची शांभवी. शांतव्वा निपाणीकडची, मराठी बोलता बोलता कानडीत घुसायची. गुढीपाडव्याला बाग फुललेली पायजे म्हणून दिवाळीतच काम दिलेलं. फाल्गुन लागला तवा बाग आशी उठली हुती की रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. पाणी बी पयल्याच दिवशी बोललं. आत्तीनं डोळं मिटलं आन् उघडलंच न्हाईत. मी म्हणालो, "झालं का?" ती म्हणाली, "गप. ओढा हाय ह्यो."

बालवाडी सुटली की शांभवी आमच्याकडंच. एक दिवस आत्ती वाळकी फुलं खुडत हुती, मोटर मी नुकतीच बंद केलेली. शांभवी म्हणाली, "मावशी, ती मुलगी रोज का येते?"

"कुठली गं?"

"पाण्यापाशी बसते ती. धबधबा बंद झाला की येते. केस ओले आहेत तिचे."

माझ्या हातातला पाना खाली पडला. मला वाटलं आत्ती पोरीवर खेकसंल. आत्ती हसली. इतक्या वर्सात मी तिला तशी हसताना बघितलं न्हवतं. शांभवीम्होरं उकिडवी बसली आन् तिनं हळू इचारलं, "डोक्यात काय माळलंय तिनं?"

"पिवळं फूल."

मला भ्या वाटलं ते पोरीच्या बोलण्याचं न्हाय. पोरं काय बी बोलत्यात, वर आत्तीनं पिवळी फुलं लावलेलीच हुती. भ्या वाटलं ते आत्तीच्या हसण्याचं.

त्यानंतर काम संपलं तरी ती रोज बाराला त्या बंगल्यात. मी म्हणायचो, "आत्ती, राजारामपुरीतली बाग वाळाय लागलीया." ती म्हणायची, "वाळू दे." पायरीवर बसायची, शांभवीला इचारायची. आज आली? काय म्हणाली? कुठं बसली? वहिनी एकदा मला बाजूला घिऊन म्हणाली, "तुझ्या आत्तीला आमच्या पोरीचा लई लळा लागलाय." मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वहिनी बाजारात, शांतव्वा आत देवघरात. आत्तीसंगं मी बी गेलो हुतो, मोटर बंद केली आन् तितंच बोर्डाचं स्क्रू आवळत बसलो. वारा न्हवता. रस्त्यावर बी कोण न्हाय. इतकं गप झालं की मीच मान वर केली.

शांभवी हौदात पालथी पडलेली. फ्रॉक पाण्यावर फुगलेला. आत्ती पायरीवर, हात लांब केला आसता तर पोरगी घावली आसती. आन् ती बघत हुती. शांभवीकडं न्हाय, तिच्या शेजारच्या पाण्याकडं. तोंडावर तेच हसू. हळू आवाजात म्हणत हुती, "ये गं सोनके, ये."

मी आत्ती म्हणून वरडलो. तिला ऐकूच गेलं न्हाय. माझा हात बटनावर हुता, मी मोटर चालू केली. वरनं पाणी धाडदिशी पडलं आन् आत्ती झोपेतनं उठल्यागत दचकली. मग तिला शांभवी दिसली. मी पोचायच्या आत तिनं पोरीला बाहीर काढलं, पालथी धरली, पाठीत धपाटं घातलं. पोरगी खोकली, वकली, मग रडली. 

शांतव्वा पळत आली. पोरीला पदरात घिऊन तिनं इचारलं, "कशी पडलीस गं, यव्वा?"

"पडले नाही," शांभवी म्हणाली. "ती म्हणाली, खाली ये खेळायला."

आत्तीनं पयल्यांदा हौदाकडं पाठ केली.

मल्लेशअण्णा आलं, त्यांनी हौदाचं बूच काढलं. पाणी उतरलं तशी कुमुदं चिखलात निजली आन् मुळातनं हळद लावलेली दगडं वर आली. अण्णा मागं सरकलं.

"मावशी, हे काय हाय? आमच्या घरात करणी करताय?"

"तोंड सांभाळून बोला अण्णा," मी म्हणालो. "तिनंच काढलीया तुमची पोरगी."

"तू गप बस. घातली बी तिनंच आसंल."

शांतव्वानं हात वर केला.  म्हातारी हौदाच्या कडंला वाकली, दगडांवरनं बोट फिरवत गेली.

"करणी न्हवं मल्लेशा. ह्या आमच्याकडं बी हायत. अक्का-तंगी म्हणतो आमी, सात भनी." मग तिचं बोट थांबलं. "सात मला ठाऊक हायत, झुंबरव्वा. ही आठवी कुणाची?"

"माझी," आत्ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पोरगी धरणात गेली एवढं ठाऊक हुतं, दगडांचं आन् बाराचं मला बी तवाच कळलं. सांगताना रडली न्हाय. अण्णा खाली बघत हुतं. शांतव्वानं सगळं ऐकलं आन् म्हणाली, "पोर एकटं हाय तुझं. एकटं पोर खेळायला दुसरं पोर बघतंयच. त्याचा काय दोष न्हाय त्यात. पर माझी नात देऊ काय मी?"

"न्हाय, अव्वा."

"मग सात राहू देत, मी बघतो त्यांचं. आठवी तू घिऊन जा. हितनंच न्हाय. जिथं जिथं पोरं हायत, तितनं सगळीकडनं."

आत्तीनं तो लिंबाएवढा दगड उचलला न्हाय. त्याकडं बघत नुसती हुबी. "काढला तर ती मेली की, अव्वा."

"व्हय," शांतव्वा म्हणाली.

कुणी तरी हे बोलायला पायजे हुतं. आमच्या घरात एवढी वर्सं कोण बोललं न्हवतं. मी बी न्हाय.

आत्ती हौदात उतरली, दगड घेतला, पदरात बांधला. दुसऱ्या दिवसापास्नं आमी बंगलं फिरलो. मालक इचारायचं, एवढी बाग फुललीया आन् हौद कशाला उपसताय. मी सांगायचो, शेवाळ धरलंय. आत्ती मुळात हात घालायची, एक बारका दगड पिशवीत टाकायची. सात तसंच ठिवायची. निघताना मालकाला म्हणायची, "आता दुपारी बी चालू ठेवा मोटर." "तापणार न्हाय?" "न्हाय तापणार." त्या चैतात कोल्हापुरातल्या किती बागांस्नी दुपारचं पाणी पयल्यांदा पडलं, कुणाच्या ध्यानात बी आलं नसंल. आमाला रस्त्यानं जाताना ऐकू यायचं. आत्ती चालण्याचा जोर वाढवायची.

वैशाखात धरण उतरलं तवा आमी पिशवी घिऊन मलकापूरच्या यष्टीत बसलो. गाव पाण्याच्या वर आलेलं. जोती, एक जातं, देवळाची पायरी, सगळं चिखलाच्या रंगाचं. ओढा जिथं हुता तितं अजून पाणी हुतं, गप. आत्ती कडंला बसली आन् एकेक दगड सोडला. सोडताना दर टायमाला एकच शब्द, "जा." पाण्यात काय बी झालं न्हाय. नुसत्या चकत्या पसरल्या.

शेवटाला मल्लेशअण्णांच्या हौदातला ऱ्हायला. तो मुठीतनं सुटंना. ती जा म्हणायची आन् मूठ तशीच. ऊन डोक्यावर आलं. मी शेजारी बसलो, तिची बोटं एकेक करून उघडली. दगड हातात घेतला. कोमट हुता, मुठीत धरून. पाण्याकडं बघितलं. मग माझ्या खिशात टाकला.

"चल," मी म्हणालो. "यष्टी जाईल."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. "आगं, घरात..."

"आमच्यात ल्हान कोण न्हाय. चल."

आमच्या अंगणात शिमिटाचा हौद हाय. नळाला पाणी दुपारचं येतंय, अकरा ते दोन. दगड मी हौदाच्या तळाला ठिवला. आत्तीनं दुसऱ्या दिवशी आणून सात मांडली. बागा ती अजून करती, मोटर दिवसभर चालती, सगळीकडं. फकस्त आमच्या घरात बाराला नळ बंद. शेजारी कावत्यात, पाणी आसताना बंद का करताय म्हणून. करू देत कावकाव.

गेल्या महिन्यात मला बघायला आजऱ्याची माणसं आली. पोराची आई, पोराची भन आन् भनीचं पोर, नुकतंच चालायला लागलेलं. पोवं झालं, चहा झाला, पोराच्या आईनं मला इचारलं, शाळा का सोडलीस. मी म्हणालो, शाळंला मी पटलो न्हाय. ती हसली. बरी बाई वाटली. तेवढ्यात आत्ती उठली, अंगणात गेली, नळ बंद केला.

"का वो बंद केला? हौद भराय लागलाय की," ती बाई म्हणाली.

"मोटर तापती," मी म्हणालो.

तिनं इकडं तिकडं बघितलं. "हितं मोटर कुटं हाय?"

पर ते बारकं पोर उंबऱ्यावरनं उतरलं हुतं आन् हौदाकडं निघालं हुतं. सरळ. कुणीतरी हात केल्यागत. मी पळत जाऊन उचललं, कडंवर घेतलं. ते हौदाकडं अंग टाकत हुतं, रडत हुतं, मी सोडलं न्हाय. आत्ती दारात हुबी, नळाकडं बघत. एक शब्द मी बोललो आसतो तर तिनं नळ सोडला आसता. मी बोललो न्हाय. एक वाजंपर्यंत पोर कडंवर घिऊन अंगणात फिरत ऱ्हायलो. हात भरून आलं.

"पोरांची लई हौस दिसती हिला," पोराची आई खूश होऊन म्हणाली.

जाताना पसंती सांगून गेली. आत्तीनं कपबशा उचलल्या, मोरीत ठिवल्या आन् माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "तुला पोर झालं की हितं आणू नगंस."

"बरं," मी म्हणालो, आन् नळ सोडला.