डांगच्या ताटातलं मटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय, देव जाणे.

दोन हजार पंधराच्या सुमारास मी ओमानमधल्या सहमच्या लेबर कॅम्पात मेस सुपरवायझर होतो. मेस दोन—एक आपली इंडियन, दुसरी व्हिएतनामी वेल्डरांची. तिकडे बीफ शिजायचं, आमच्याकडे नाही. त्या वेल्डरांतला डांग एकदा माझ्याकडे आला. म्हणे, मी हिंदू आहे, गाय खात नाही, मला तुमच्या मेसमध्ये घ्या.

व्हिएतनामी आणि हिंदू? मला शेंडी लावतोय? मी मालवणचा, त्यात जन्माचा संशयी—कुणी गोड बोललं की आधी खिसा चाचपतो. तो तुटक्या इंग्रजीत सांगत राहिला. तो चाम लोकांतला. आजच्या व्हिएतनामच्या समुद्राकाठी त्यांची राज्यं होती, शंकराची देवळं होती. उत्तरेकडून व्हिएतनामी सरकत आले, शेकडो वर्षं एकेक मुलूख घेत गेले. आता पासपोर्टवर तोही व्हिएतनामीच.

मी त्यांच्या फोरमनला विचारलं. तो हसला. ते राज्य कधीच खलास, म्हणाला, याला फक्त तुमची बिर्याणी आवडते. आणि मला पटलं! ज्यांनी मुलूख घेतला, त्यांच्याच माणसाला मी साक्षीला धरलं. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

डांगला घेतलं, पण नजर ठेवली. कुणाशी बोलतो, काय उचलतो, काय टाकतो. आणि एका शुक्रवारी मी—कसं सांगू?—पलीकडच्या पातेल्यातलं बीफ आणून त्याच्या ताटात वाढलं. खरा असेल तर ओळखेल, म्हटलं. काय ही अक्कल! ज्याने जन्मात चाखलं नाही, तो ओळखणार कशावरून? हे तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं?

त्याने आधी विचारलं, हे काय आहे.

"मटण आहे. खा," मी म्हणालो.

त्याने सगळं खाल्लं. मी मनात म्हटलं, सापडला चोर.

हात धुऊन त्याने घरी फोन लावला. बोलता बोलता माझ्याकडे बघून हसला आणि स्पीकर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडे त्याची आई होती. ती बोलायची, डांग मला सांगायचा. परदेशात पोराच्या तोंडात गाय जाईल, ही एकच धास्ती होती तिला. आता तुमच्या हातचं खातो, म्हणून झोप लागते, म्हणाली.

 आणि माझ्या तोंडातून निघालंच—काळजी करू नका, आई, मी आहे ना.

डांगने ते तिला तिच्या भाषेत सांगितलं.