दक्षिणमुखी आहे, म्हणून काय झालं?

मंडळी, आज दुपारी मी ऑफर साइन केली. भाड्याने देण्यासाठी घेतेय ते माझं पहिलंच घर, आणि हो, दार दक्षिणेला आहे. रिप्लाय-ऑल करून माझी समजूत घालायची नाही!

सकाळी अरुणकाका सोबत आले होते. इकडे पार्सिपनी गावात आपल्यापैकी कोणालाही घर बघायचं असलं की तो काकांनाच घेऊन जातो. मी रस्त्याच्या डायरेक्शन्सचा प्रिंटआउट घडी करेपर्यंत काकांनी खिशातून होकायंत्र काढलं होतं. आत पाऊलही न टाकता म्हणाले, "कॅन्सल कर. दक्षिणमुखी आहे."

"काका, मी कुठे राहणारेय इथे? भाडेकरू राहणार."

"तरी नको. पुढे विकताना आपला एकही माणूस घेणार नाही."

मी एकटीच आत गेले. बेसमेंट कोरडं ठणठणीत. वरच्या मजल्यावर एक नर्स मुलांसोबत कितीतरी वर्षं भाड्याने राहतेय. तिने मला एवढंच विचारलं, "हीटिंग नीट करून देशील का? मुलं गारठतात."

करून देणार आहे.

पहिलं घर घेणाऱ्यांनो, होकायंत्र राहू दे. बेसमेंटमध्ये उतरा, राहणाऱ्याशी बोला, हीटिंग लावून बघा.

 अरुणकाकांचं भाड्याने द्यायचं टाउनहाउस अगदी पूर्वाभिमुख आहे, आणि मागच्या हिवाळ्यापासून रिकामं पडलंय. ज्या दारातून भाडेकरूच आत येत नाही, ते पूर्वेला असून करायचं काय?