तिकडे सर

आमच्या सरांचं कुठलंही वाक्य 'तिकडे'ने सुरू व्हायचं. तिकडे म्हणजे जपानला. कुठल्याशा संस्थेने निवडक शिक्षकांना तिथल्या शाळा बघायला धाडलं, त्यात भाईंदरच्या आमच्या मराठी शाळेतल्या सरांचा नंबर लागला. अभ्यासदौरा दोन महिन्यांचा होता, पण आम्हाला तो शाळा सुटेपर्यंत पुरला. जाण्यापूर्वी सरांना एक साधं आडनाव होतं. परत आले ते 'तिकडे सर' होऊन, आणि हे नाव बाजारातून थेट शेजारच्या उत्तन गावापर्यंत पोचलं.

साठ-सत्तरच्या सांध्यावरची ही गोष्ट. भाईंदरला तेव्हा एका अंगाला खाडी, बाकी सगळी मिठागरं आणि मधल्या जागेत आम्ही. अशा गावात सरांनी आल्या आल्या फर्मान काढलं की वर्गाबाहेर चपला काढायच्या, कारण तिकडे काढतात. आता आमच्या निम्म्या वर्गाला काढायला चपलाच नव्हत्या. मिठागराकडून येणाऱ्या पोरांचे पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलात माखलेले असत. त्यांनी पाय धुऊन यावं, अशी सरांनी तोड काढली. विहिरीचं पाणी मचूळ, ते सुकलं की पायांवर पांढरे डाग उठत. ज्यांना चपला होत्या त्यांनी बाहेर काढलेल्या चपला कुत्र्यांनी पळवल्या. पावसाळ्यापर्यंत सगळा वर्ग अनवाणी झाला, तेव्हा सर समाधानाने म्हणाले, "आता कसं तिकडच्यासारखं वाटतंय."

मग झाडलोट आली. तिकडे मुलं आपली शाळा आपण झाडतात. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं, घरी दुसरं काय करत होतो? आम्ही झाडू लागलो की सर खुर्चीवर पाय वर घेऊन बसत आणि राहिलेला कोपरा छडीने दाखवत. उत्तनच्या फिलोमीनने एकदा भाबडेपणाने विचारलं, "सर, तिकडं मास्तर झाडतात का न्हाय?" सरांनी तिला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. त्यावरून तिकडचे मास्तर झाडत असावेत, हे आमच्या लक्षात आलं.

हे सगळं चालून गेलं असतं, पण सर आम्हाला सदानकदा तिकडच्या मुलांशी तोलायचे आणि आमचं पारडं कधी खाली यायचं नाही. तिकडची मुलं डबा खाताना बोलत नाहीत. तिकडची मुलं शिंकतानासुद्धा शिस्तीत शिंकतात. आम्ही मात्र दगड. गणितात मी वर्गात पहिली यायची, तरी उत्तर बरोबर आलं की सर म्हणत, "सुशीला, तिकडे तुझ्या वयाच्या मुली यंत्रं चालवतात. तुला एक त्रैराशिक चालवायला एवढा वेळ?" ती न पाहिलेली जपानी पोरं आम्हाला मनापासून आवडेनाशी झाली होती.

माझे बाबा रत्नागिरीकडचे, गिरणीत कामाला. शिकलेल्या माणसाचा त्यांना आदर, आणि विमानात बसून आलेला म्हणजे तर देवच. मी नववीनंतर घरी बसावं असं त्यांच्या मनात होतं. आईला हाताखाली कुणी हवं होतं, आत्या स्थळं सुचवायला लागली होती. मला मॅट्रिक व्हायचं होतं. मी हटून बसले तेव्हा बाबा म्हणाले, सरांना विचारतो, ते म्हणतील तसं करू. बाबांनी बाजारात सरांना गाठलं. सर म्हणाले, "मुलगी तशी वाईट नाही. पण तिकडच्या मुलींपुढे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी हातानेच हवेत उडवून दिलं. बाबांना तो हात कळला. वार्षिक परीक्षेनंतर माझी शाळा बंद, असं घरात ठरूनही गेलं.

त्याच सुमाराला सरांवर संकट कोसळलं. तिकडचा माणूस इकडे आला. सर जिथे राहिले होते तिथल्या शाळेचे एक वयस्क मास्तर मुंबईला येणार होते आणि त्यांना भाईंदरची शाळा बघायची होती. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतींना चुना लागला, पताका लागल्या, पालकांना बोलावणी गेली. शिवाय पाहुण्यांसमोर काढायला चपला तर हव्यात, म्हणून सगळ्यांनी त्या दिवशी चपला घालून यायचं असं ठरलं. वर्गाबाहेर बापांच्या, मामांच्या, शेजाऱ्यांच्या चपलांची रांग लागली. मी आत्याच्या चपला घालून फरफटत गेले होते.

पाहुणे इंग्रजीत बोलले. सरांचं इंग्रजी आम्हाला कधी कळलं नव्हतं, पण पाहुण्यांचं आमच्याइतकंच मोडकं होतं. एक शब्द, मग विश्रांती, मग दुसरा शब्द. ते म्हणाले, तुमचे सर आमच्या शाळेत आले, तेव्हा रोज तुमच्याबद्दलच बोलत होते. चिखल तुडवत येणारी मुलं, पाणी भरून शाळेला येणाऱ्या मुली. एक मुलगी तर विहिरीवर नंबर लावून उभी असताना पाढे पाठ करते आणि सरांच्या आधी गणित सोडवते. आमचे मास्तर आता आमच्या मुलांना म्हणतात, भाईंदरच्या मुलांसारखे व्हा. आमची मुलं तुमच्यावर थोडी रागावली आहेत. मग त्यांनी विचारलं, ती विहिरीवरची मुलगी यात कुठली?

सर्व पोरांच्या माना माझ्याकडे वळल्या. सर घसा खाकरून म्हणाले, "पाहुण्यांचं म्हणणं आहे, स्वच्छता राखा आणि वेळेवर या."

मागे उभ्या असलेल्या बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर मी पाहुण्यांचं खरं बोलणं सांगितलं, तर ते म्हणाले, परदेश बघून आलेला माणूस खोटं कशाला सांगेल? मी म्हटलं, तेच त्यांना विचारा. बाबांनी टोपी घातली आणि मला घेऊन ते सरांच्या घरी गेले.

तिथे टोपी काढून हातात धरली आणि अदबीने विचारलं, "सर, पोरगी म्हणते तिकडं तुम्ही हिचं कौतुक केलंत. मला तुम्ही वेगळं बोललात. मी कुठलं खरं धरू?"

सर भिंतीवरच्या जपानी कॅलेंडरकडे बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारातून सरांच्या बायको म्हणाल्या, "मलाही एकदा कळू दे. तिकडे म्हणे माझ्या सोलकढीच्या आठवणीने यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सोबतचे मास्तर सांगत होते. इथे रोज कढीत मीठ कमी असतं."

"तिकडचं खरं," सर कॅलेंडरला म्हणाले. "पण तोंडावर सांगितलं की पोरं शेफारतात."

बाबांनी टोपी घातली. "मग ही बसेल मॅट्रिकला," एवढंच म्हणाले.

मला आनंद झाला, आणि आनंदापेक्षा राग जास्त आला. बाबांशी बाजारात बोललेल्या त्या एका वाक्यापायी माझी शाळा सुटत होती, आणि या माणसाने माझं कौतुक समुद्रापार नेऊन ठेवलं होतं. सरांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यातून आम्ही विद्यार्थी काय शिकलो म्हणाल, तर हेच की आपल्याबद्दल बरं ऐकायचं असेल तर फार लांब जाऊन उभं राहावं.

मॅट्रिक झाल्यावर मी पेढे घेऊन गेले. "तिकडे निकालाचे पेढे वाटत नाहीत," सर म्हणाले आणि दोन खाल्ले.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. सर निवृत्त होऊन राजापूरकडच्या आपल्या गावी गेले आणि काही वर्षांत गेलेच. मी सरांच्या बायकोला भेटायला तिकडे गेले. सरांच्या पुतण्याच्या मुलीने मला पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहून माझ्याकडे रोखून बघू लागली. "तुम्ही भाईंदरच्या ना?" तिने विचारलं. "आजोबा रोज सांगायचे. तिकडे भाईंदरला मुली पाणी भरून शाळेत येतात, तिकडे मुलं असं करतात, तिकडे तसं करतात. आम्हाला नुसता वैताग आला होता तुमचा."

"आणि तुला काय म्हणायचे?"

"दगड."

मला हसू आलं आणि मग आवरेना इतकं रडू आलं. डोळे पुसून मी तिला म्हटलं, "म्हणजे तू फार हुशार असणार." तिला ते पटलेलं दिसलं नाही.

भाईंदरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात नेहमीसारखा गोंगाट होता. मी डस्टर आपटलं आणि म्हटलं, "तिकडे राजापूरला एक मुलगी आहे..."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सुरू झाल्या तिकडे बाई."