वाळू घट्ट होती तिथं

नातवंडं विचारतात, "आजी, तू पहिल्यांदा विमान कधी पाहिलंस?" मी सांगते, पाहिलं कसलं, पाडलं! मग ती हसतात. मीही हसते, पण जरा उशिरा.

एकोणीसशे तीसच्या पुढची गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच मांडवीला आले होते. सासरे होडीचे तांडेल. आमच्याकडे रीत अशी, की समुद्र खवळलेला असला म्हणजे बायका किनाऱ्यावर जायच्या आणि होडी जिथं सुखरूप लागेल नेमक्या त्या जागी उभ्या राहून पदर हलवायच्या. पदर दिसला की तांडेल होडी तिकडे वळवायचा.

त्या दुपारी ओहोटी होती. डोक्यावर घरघर आली, खोकली आणि थांबलीच. एवढंसं विमान माडांवरून मुकाट घसरत येऊ लागलं.

"यंत्र बंद पडलंय त्याचं," सासरे म्हणाले. "आता सगळं वाऱ्यावर."

विमान गावावरून एकदा वळलं. कौलं टाळली, माड टाळले, मागचा कातळ टाळला आणि ओल्या वाळूच्या पट्ट्याकडे तोंड केलं.

"अगो, बघत काय राहिलीस?" सासूबाई ओरडल्या. "वाळू कुठं घट्ट आहे ते त्या विमानवाल्याला काय ठाऊक? चला गो सगळ्या!"

धावलो. बरोबर त्या घट्ट वाळूवर ओळीनं उभ्या राहिलो आणि पदर हलवू लागलो. मी सगळ्यांत पुढे. अंगावर नवं हिरवं लुगडं होतं ना! विमान सरळ माझ्याकडेच येत होतं, आणि मला, अकलेच्या कांद्याला, वाटलं, दिसले बाई मी त्याला! विमान चालवणारा एक हात बाहेर काढून जोरजोरात बाजूला झटकत होता.

"बघा, ओळख दाखवतोय," शेजारीण म्हणाली. मी लाजलेसुद्धा.

होडी पाण्यात थांबते, आपण वाळूवर असतो. विमानाला मात्र आपण उभे असतो तीच जागा हवी असते, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. यंत्र बंद पडलं की दुसरी फेरी मिळत नाही, हे तर फार पुढे कळलं.

अगदी शेवटी त्यानं पंख कलता केला आणि समुद्राकडे वळला. चाकं पाण्यात घुसली. विमान उलटं झालं.

पुरुष कमरेएवढ्या पाण्यात धावले. बाहेर काढला तो मिसरूड फुटलेला पोरगा, मुंबईकडचा. एक पाय भलतीकडेच वळलेला. सासूबाई संतापून रडत होत्या, "मेल्या, आम्ही एवढ्या हाका मारतोय, नि तू पाण्यात काय म्हणून गेलास?"

त्यानं डोळे उघडले. "कुणाला लागलं नाही ना?"

सासूबाईंनी मागे पाहिलं. आम्ही अजून तशाच ओळीत उभ्या होतो.

बाजल्यावर घालून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय गेला. सासूबाई रोज पेज घेऊन जायच्या. मला कधी चल म्हणाल्या नाहीत, आणि येते म्हणायची माझी छाती झाली नाही.