पेनल्टी बॉक्समधले नाना

अंजूचा फोन आला तेव्हा मी रिंकच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले होते. आत माझ्या मुलीची, इराची, आइस हॉकीची प्रॅक्टिस चालू होती. मेलबर्नमधली जूनची दुपार, चारलाच अंधारून आलेली. अंजू ही माझी नणंद, कोल्हापूरला असते. एरवी ती आधी मेसेज करते, मग फोन. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहिल्याबरोबर मी फोन उचलला. ती फक्त एवढंच म्हणाली, "वहिनी, नाना गेले. दादाला तू सांग, मला जमणार नाही." नाना म्हणजे माझे सासरे. मिरजेच्या घरी एकटेच होते. सकाळी दूधवाल्याने बराच वेळ बेल वाजवली, मग शेजाऱ्यांना हाक मारली... झोपेतच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याला, अभिजितला, मी फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, "येतो" म्हणाला आणि कुठे यायचं हेही न विचारता त्याने फोन ठेवला. इराला मात्र मी बाहेर बोलावलं नाही. प्रॅक्टिस संपली. पाठीवर तिची ती स्वतःपेक्षा मोठी बॅग घेऊन ती आली, तेव्हा गाडीतच तिला सांगितलं. पंधरा वर्षांची पोर. रडेल असं वाटलं होतं. तिने सीटबेल्ट लावला आणि विचारलं, "वॉज ही अलोन?" मी हो म्हणाले. पॉइंट कुकला घरी पोहोचेपर्यंत ती मग एक शब्दही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला कळत होतं, कारण आदल्या वर्षीचा तो शनिवार आम्ही दोघीही विसरलेलो नव्हतो.

नाना आमच्याकडे आले ते २०२० च्या फेब्रुवारीत. अंजूचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोल्हापूरला गेल्या आणि नाना आमच्याकडे आले. तू लेकीकडे जा, मी लेकाकडे जातो, तीन महिन्यांत दोघंही घरी, असा त्या दोघांचा बेत. नाना एसटीच्या मिरज डेपोत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य त्यांनी गाड्या वेळेवर सोडण्यात घालवलं होतं, आणि त्यांना स्वतःलाच परतीची गाडी मिळाली नाही. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. व्हिसा वाढवून मिळाला, पण विमानं नव्हती. पहिले काही आठवडे ते हॉलमध्ये खुर्चीच्या कडेला बसायचे... कोणी तरी आत्ता नाव पुकारेल आणि उठून जायचंय, अशा बेताने. आईंशी रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे काय, भाजी काय केली, नातवाने आज किती झोपू दिलं, नळाला पाणी आलं का. फोन ठेवला की ते तसेच बसून राहायचे.

इरा तेव्हा तेरा वर्षांची होती. आइस हॉकीचा नाद तिला शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे लागला आणि ती गोलकीपर झाली. आम्हा दोघांनाही या खेळातलं काही कळत नव्हतं. बर्फावर स्केट्स घालून पळायचं, काठीने रबराची चकती मारायची, आणि आमच्या मुलीने ती अंगावर झेलायची, एवढंच समजत होतं. त्या वर्षीचा ज्युनियर सीझन सुरू होण्याआधीच रद्द झाला. घरातून बाहेर पडायला बंदी, रिंकला कुलूप. एके दिवशी मी कॉलवर होते आणि गराजमधून धपाधप आवाज यायला लागला. जाऊन पाहते तर इरा सगळे पॅड, हेल्मेट घालून गराजच्या भिंतीपुढे वाकून उभी, आणि समोर नाना, कानटोपी, स्वेटर, पायात घरातल्या सपाता, टेनिसचे चेंडू भरलेली बादली घेऊन तिच्यावर एकेक चेंडू फेकताहेत. इरा इंग्लिशमध्ये ओरडत होती, नाना मराठीत. "खाली बघ, खाली! डोळे मिटू नकोस." तो सगळा लॉकडाऊन त्यांनी असा काढला. नाना नीट जेवायला लागले. खुर्चीत मागे टेकून बसायला लागले.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अभिजितच्या खटपटीने त्यांना परतीच्या विमानात जागा मिळाली. मार्चमधली होती. त्याच सुमारास इराची निवड झाली. तिच्या वयोगटाच्या टीममध्ये, पहिली गोलकीपर म्हणून. नानांनी दोन दिवस विचार केला आणि जेवताना म्हणाले की ही जागा सोडून दे, पोरीचा सीझन बघतो आणि मग जातो. अभिजितने त्यांना परोपरीने सांगितलं. शेवटी आईंना फोन लावला. त्या हसल्या. "राहा की. वर्षभर काही अडलं नाही, आता काय अडतंय?" हे मी स्वतः ऐकलंय. अंजू ही गोष्ट आजही मानत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सीझन सुरू झाला तेव्हा रिंकवर प्रेक्षकांना मनाई होती. एका मुलामागे एकच पालक, तेही मास्क लावून. मग नाना आत कसे जाणार? टीमची मॅनेजर म्हणाली की पेनल्टी बॉक्सवर कोणीतरी लागतंच, तिथे बसतील का? कोणी धसमुसळेपणा केला की रेफरी त्या मुलाला दोन मिनिटं मैदानाबाहेर बसवतो. त्यासाठी बर्फाच्या कडेला काचेआड एक छोटीशी जागा असते. तोवर टीमला एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं. त्या जागेचं दार उघडायचं, लावायचं, वेळ संपली की मुलाला सोडायचं, हे काम. नाना म्हणाले, हे तर मी चौतीस वर्षं केलंय. आमच्या टीममध्ये मॅडी नावाची एक मुलगी होती. दर मॅचला हमखास आत बसायची, आणि बसली की रागाने काठी आपटायची. नाना तिला मराठीत म्हणायचे, "बस. श्वास घे आधी." महिनाभरात मॅडी आत येतानाच "श्वास, श्वास" म्हणत यायची. डेपोत गाड्या पुकारून कमावलेला नानांचा खणखणीत आवाज काचेपलीकडे जायचा. मुलं त्यांना नाना म्हणायला लागली, मग त्यांचे पालकही. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी तयार होऊन ते गाडीपाशी उभे असायचे.

एप्रिलच्या शेवटी कोल्हापूरहून फोन आला की आईंना ताप आहे. तिकडची ती दुसरी लाट... काय काय ऐकत होतो तेव्हा आपण सगळेच. अंजूने बेड मिळवण्यासाठी गावभर फोन केले, आम्ही इथून केले. कोणाकोणाला केले ते आता आठवतही नाही. विमानं तर इकडून बंदच झाली होती. बेड मिळाला, ऑक्सिजन लागला. एकदा नर्सने फोन धरला तेव्हा आई मास्कमधून काहीतरी बोलल्या. नाना म्हणत राहिले, "ऐकू येत नाही, परत सांग, परत सांग." परत सांगणं झालं नाही. शुक्रवारी त्या गेल्या. अंजूच्या कडेवर वर्षाचं बाळ, तिला जवळही जाता आलं नाही. अंत्यसंस्काराला जावई लांब उभे होते. आम्ही इथे हॉलमध्ये फोनकडे बघत बसलो होतो आणि त्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

शनिवारी मॅच होती. इरा म्हणाली, मी खेळत नाही. नाना आंघोळ करून, स्वेटर घालून बाहेर आले. "चल," म्हणाले. "घरात बसून काय करणार आहोत?" अभिजितला ते पटलं नाही, पण बापाशी त्या दिवशी कोण वाद घालणार? मीच दोघांना घेऊन गेले.

मॅच बरोबरीत चालली होती. शेवटच्या भागात मॅडीला पेनल्टी बसली. ती आत आली, नानांनी दार लावलं. दोन मिनिटं संपली, टेबलावर वेळ मोजणाऱ्या माणसाने खूण केली. दार उघडलं नाही. मी समोरच्या बाजूला होते, मला काचेतून दिसत होतं, नाना कडीवर हात ठेवून बसले होते, तसेच. कोच ओरडत होता. मॅडी उठली, तिने कडीकडे हात नेला, आणि मग तिने नानांच्या तोंडाकडे पाहिलं. ती परत खाली बसली. हातातली काठी तिने जमिनीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली. आमची टीम एक खेळाडू कमी घेऊन खेळत राहिली. इराने दोन शॉट अडवले, तिसरा आत गेला. शिट्टी वाजली. तेव्हा कुठे नानांनी दार उघडलं.

आम्ही हरलो. मॅनेजर येऊन नानांना "नो वरीज" म्हणाली. तिला आईंबद्दल मी सांगितलं होतं, तिचेही डोळे भरले होते. गाडीत इरा मागे बसली होती. फ्रीवेवर आल्यावर ती म्हणाली, "यू शुड हॅव गॉन होम, नाना." रागाने म्हणाली असं मला तेव्हा वाटलं. आता तसं खात्रीने सांगता येत नाही. विमानातली जागा तिच्यामुळे सोडली होती हे तिला माहीत होतं. नानांना इंग्लिश फारसं येत नव्हतं, पण एवढं येत होतं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. तसंच बघत म्हणाले, "हो. जायला हवं होतं."

तेच वाक्य अंजूही बोलत होती, फक्त जास्त कडक शब्दांत. तिने नानांशी बोलणं टाकलं. आईच्या वेळी मी एकटी होते आणि तुम्ही तिकडे पोरांचे खेळ बघत होतात, हे तिने त्यांना एकदाच सुनावलं, नंतर फोनच घेतला नाही. ते रोज संध्याकाळी त्याच वेळेला तिला फोन लावायचे. वाजून वाजून बंद व्हायचा. मी मध्ये पडून पाहिलं. अंजू म्हणाली, "वहिनी, तू यात येऊ नकोस." चूक कोणाची म्हणायची? आई 'राहा' म्हणाल्या होत्या. पण 'राहा' म्हणणाऱ्या माणसाला आपण यावं असं वाटत असतं की नाही, हे फोनवरून कसं कळणार...

सीझन पुढे चालला असं म्हणवत नाही. मेच्या शेवटी लॉकडाऊन, मग पुन्हा दोन-तीन मॅचेस, जुलैत परत लॉकडाऊन, ऑगस्टपासून तर सगळंच ठप्प. फायनल झाली नाही, कप कोणालाच मिळाला नाही. टीम अर्ध्यावरच सुटली. नाना मधल्या प्रत्येक मॅचला गेले, दार वेळेवर उघडलं. पण इरा आणि ते गराजमध्ये परत गेले नाहीत. बादली तशीच होती. इरा तिच्या खोलीत, नाना त्यांच्या. एकमेकांशी नीट वागायचे, जास्तच नीट, आणि तेच बघवत नसे.

नोव्हेंबरात सीमा उघडल्या. नानांचं तिकीट निघालं. एअरपोर्टवर बॅगा दिल्यावर इरा त्यांच्या समोर उभी राहिली आणि मराठीत, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, तिने विचारलं, "तू माझ्यामुळे राहिलास का?"

मला भीती वाटली की आता ते तिचं मन राखायला काहीतरी गोड बोलतील. ते म्हणाले, "नाही. मला राहायचं होतं. डेपोतून घरी बसल्यापासून माझी कुठे कोणी वाट बघत नव्हतं, इथे शनिवारी बघत होते. तुझी आजी एकटी आहे हे मला कळत होतं, तरी राहिलो. ते माझं आहे, बाळा. तू ते घेऊ नकोस."

तिला सगळे शब्द कळले की नाही कोण जाणे. तिने त्यांना घट्ट मिठी मारली. आत जाताना ते मागे वळून बघत नव्हते, आणि अभिजित म्हणाला, "बरं झालं, नाहीतर मला सावरता आलं नसतं."

मिरजेला जाऊन त्यांनी बंद घर उघडलं आणि एकटेच राहिले. आम्ही म्हणालो कोल्हापूरला जा, पण अंजूच्या दारात बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. ती महिन्यातून एकदा यायची, डबा, औषधं ठेवायची, नातवाला त्यांच्या मांडीवर द्यायची, मोजकं बोलायची आणि परत जायची. हळूहळू झालं असतं सगळं. आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं की वेळ आहे.

या वर्षी सीझन पूर्ण होणार अशी चिन्हं होती. पहिल्या मॅचच्या सकाळी इरानेच मला सांगितलं, नानाला व्हिडिओ कॉल लाव. तिकडे पहाट असायची. स्वयंपाकघरातला दिवा लावून, चहाचा कप पुढे ठेवून ते बसायचे, आणि मी फोन काचेला टेकवून धरायचे. त्यांना काय दिसत असेल देव जाणे, पांढरं बर्फ आणि पळणारे ठिपके. पण इराकडे शॉट आला की फोनमधून आवाज यायचा, "खाली बघ!" आणि शेजारचे पालक हसायचे. ते गेले त्याच्या आदल्या शनिवारीही ते असेच बसले होते. आम्ही जिंकलो होतो. मला म्हणाले, "मृणाल, पोरगी आता डोळे मिटत नाही."

अभिजित मिरजेला जाऊन सगळं करून आला. इराने एक मॅच सोडली, पुढच्या शनिवारी खेळते म्हणाली. मी काचेपाशी माझ्या नेहमीच्या जागी उभी होते. मॅच सुरू व्हायच्या बेतात होती आणि हातात फोन होता, सवयीने. काय करावं कळेना म्हणून परत खिशात ठेवत होते, तेवढ्यात तो वाजला. स्क्रीनवर 'नाना' असं नाव आलं.

मी उचलला. मिरजेचं स्वयंपाकघर होतं, दिवा लावलेला होता. अंजू खुर्चीत बसली होती, केस न विंचरलेले, मांडीवर झोपलेलं मूल. घर आवरायला रात्रीच आले होते, म्हणाली. नानांच्या फोनमध्ये या वेळेचा अलार्म लावलेला होता, तो वाजला.

तिने मांडीवरचं मूल सावरलं. मग ती म्हणाली, "वहिनी, खेळतेय ना ती? दाखव."

मी फोन काचेला टेकवला.