डिस्पॅचचा कॉम्प्युटर भरतो कशाने?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. बोईसरच्या आमच्या कारखान्यात दुपारचे डबे उघडले की एकजण काहीतरी सुरू करतो, दुसरा त्याला तिखटमीठ लावतो आणि शेवटची चपाती संपेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो! माझ्या वाट्याला आलेले बहुतेक किस्से डिस्पॅचच्या एकाच कॉम्प्युटरचे आहेत.

मी खरं तर पर्चेसमधली. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला आणि त्या दिवसापासून अख्ख्या कारखान्याची 'कॉम्प्युटरवाली मॅडम' झाले. कागद फाटला होता, हे कोणी लक्षातच घेतलं नाही.

*

डिस्पॅचच्या त्या कॉम्प्युटरवर राऊतकाका बसतात. उमरोळीहून येतात, अक्षर मोत्यासारखं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि रिटायर व्हायला आठ महिने बाकी. माल बाहेर निघताना गेटपास तेच छापतात.

एका सोमवारी सकाळी स्क्रीनवर लाल पट्टी आली. ड्राइव्ह फुल! प्रिंटर गप्प, आणि गेटवर चार ट्रक हॉर्न वाजवत उभे.

मोठे साहेब स्वतः खाली आले. "राऊत, तुम्हाला हे मशीन झेपत नाही. शनिवारपर्यंत नीट झालं नाही, तर तुम्ही गोडाऊनला जा. तिकडे वहीचं काम आहे."

गोडाऊन म्हणजे दोन जिने आणि दिवसभर उभं राहणं. काका नुसता चष्मा पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं हो.

"काका, चोर मी शोधते," मी म्हटलं.

"म्याडम, चोर घेऊन जातो," काका म्हणाले. "ह्यो तर भरून ठेवतोय!"

*

पहिला संशय रामसजीवनवर. हा लोडिंगचा सुपरवायझर. जेवणाच्या सुट्टीत काकांची खुर्ची रिकामी झाली की ह्याचा मुक्काम तिथे. शोधलं तर 'बहुत जरूरी' नावाचा फोल्डर, आणि आत एकेचाळीस मारधाडीचे पिक्चर!

"ये क्या है?"

"मैडम, ट्रेनिंग का वीडियो है."

"कौनसा ट्रेनिंग?"

"सेल्फ डिफेन्स!"

मी पटापट डिलीट मारत सुटले. शेवटच्या पिक्चरला त्याने हात जोडले. "मैडम, ये वाला छोड़ दो. आधा ही देखा है, हीरो अभी जेल में है!"

एवढा ठेवला. मीही माणूस आहे.

मंगळवारी दुपारी ड्राइव्ह ऐसपैस रिकामा. बुधवारी सकाळी बघते तर परत लाल!

*

मग सापडली लॅबमधली निशा. घिवलीची, नुकतंच लग्न झालेली. तिच्या लग्नाचा साडेसहा तासांचा व्हिडिओ डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर!

"अगं, घरी ठेव ना!"

"घरीच होता! सासूबाई रोज लावायच्या. आहेर आला की थांबवायच्या, कोणी काय दिलं ते निरखून बघायच्या आणि मग त्या घरी फोन करायच्या! शेवटी पेनड्राइव्ह 'हरवला' मी."

काढण्याआधी थोडा बघू या म्हटलं. थोडा म्हणता म्हणता जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचलो. तिथे राऊतकाका, ताटात जिलब्यांचा ढीग.

"काका, तुम्हाला शुगर आहे ना?"

काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "त्यो मी नाय."

शर्ट तोच होता. अंगावर!

व्हिडिओ निशाच्या पेनड्राइव्हवर परत गेला. गुरुवारी सकाळी पुन्हा लाल.

*

आता साहेबांनी पालघरहून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने खोका उघडला, ब्लोअर मारला आणि तीन टेबलांवर धूळ बसवून दिली. मग "व्हायरस असणार" म्हणत काहीबाही फायली साफ केल्या आणि गेला.

व्हायरस ऐकल्यावर रामसजीवनने मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी ओरडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लिंबू काय जागा खात नाय."

शुक्रवारी सकाळी? लाल! साहेब जिन्यावरूनच बघून गेले. काकांनी ड्रॉवर आवरायला घेतला. चष्म्याची डबी, गोळ्या, स्टॅम्पपॅड, सगळं पिशवीत. मला रडूच येत होतं.

*

त्या दुपारी चार वाजता काकांनी माऊस दोनदा टिचकावला आणि चहाला उठले. जाताना म्हणाले, "म्याडम, हात नका लावू. बॅकअप चाललाय."

काकांच्या फोल्डरवर मी आठवडाभरात संशय घेतला नव्हता. नुसते आकड्यांचे तक्ते, आणि तारखेवार लावलेले. एवढ्या नीटनेटक्या माणसावर कोण संशय घेणार? आता उघडला. कालची तारीख. त्यात परवाची. त्यात तेरवाची. बाहेर आले तर परवाची बाहेरही होती आणि तेरवाचीसुद्धा!

काका चहा घेऊन आले तेव्हा मी डोकं धरून बसले होते.

"काका, बॅकअप कसा घेता?"

"सगळं निवडायचं, कॉपी मारायची, आजच्या तारखेचा फोल्डर करायचा, त्यात पेस्ट."

"सगळं म्हणजे आधीचे बॅकअपपण?"

"मग? कालचा सोडून कसं चालंल? त्यात परवाचा हाय!"

म्हणजे रोज दुप्पट! आज एक, उद्या दोन, परवा चार! मी आठवडाभर पिक्चर आणि जिलब्या काढून जागा करत होते आणि काकांचा चारचा बॅकअप ती गिळत होता.

मी हसत सुटले. हसू आवरेना, आणि काकांनी तेवढ्यात आपली डायरी पुढे केली. मोत्यासारख्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: 'मॅडमनी सांगितले. रोज. सगळ्याचा.'

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

*

शनिवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, काकांची काही चूक नाही. मीच त्यांना अर्धवट शिकवलं." मग सगळं सांगितलं. तारखेत तारीख, रोज दुप्पट, सगळं.

साहेब ऐकत होते. मध्येच पेन खाली ठेवलं. उठले, दार लावून घेतलं, कडीसुद्धा घातली. आता आपलीच गोडाऊनला बदली, असं मी धरूनच चालले होते.

साहेबांनी आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

लाल पट्टी! आणि खाली तारखा. एकदम नीटनेटक्या.

"साहेब, हे..."

"राऊतांनी शिकवलं," साहेब पुटपुटले. "म्हटलं, किती व्यवस्थित माणूस आहे."

मी ओठ दाबून धरले.

"राऊतांना सांगा, पिशवी परत ड्रॉवरमध्ये रिकामी करा. ते कुठेही जात नाहीत. आणि मॅडम, हे बाहेर नको." साहेबांनी दाराकडे बघितलं आणि आवाज अजून खाली आणला. "हा तिसरा लॅपटॉप आहे."