सबनीसकाकूंचं सॅलड कोणी फेकलं

अन्याय झाला तो कुमुद सबनीस यांच्यावर. वय एकाहत्तर, निवृत्त वॉर्ड सिस्टर, राहणार कॉव्हेंट्री, इंग्लंड. वेळ: गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचा शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. ठिकाण: आपलं मराठी मंडळ दरवेळी भाड्याने घेतं त्या चर्च हॉलचं स्वयंपाकघर. गुन्हेगार: मंडळाचे झाडून सगळे सभासद, आणि त्यांच्या वतीने हातात चमचा घेऊन रंगेहाथ सापडलेली मी.

अशी सुरुवात करायला मला सबनीसकाकूंनीच शिकवलं. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. ओल आलेल्या भिंती, बुरशी, फोन न उचलणारे घरमालक, हा माझा विषय. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळीत मी माझं पहिलंवहिलं पत्रक वाटत फिरत होते. काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "पहिलं पानभर नुसती रडारड आहे. पेशंट आला की आम्ही आधी काय विचारायचो? कोण, कुठे दुखतंय, कधीपासून. हे सांग, मग काय बोंबलायचंय ते बोंबल." मी चिडले. घरी जाऊन पत्रक नव्याने लिहिलं. पुढच्या सभेला दुप्पट माणसं आली.

काकू कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला उभ्या राहत आणि वॉर्डात राउंड घ्यावा तशा दुसऱ्या टोकापर्यंत जात. प्रत्येक पदार्थाचा थेंबभर तळहातावर घ्यायचा, चाखायचा आणि निकाल द्यायचा, तोही करणारीच्या तोंडावर. "मठ्ठ्यात पाणी फार, आलं कुठे गेलं?" "बटाटेवडे आतून गार आहेत गं, पोटं बिघडवशील लोकांची." "पुरणपोळी घशाखाली जातेय. बरी आहे." 'बरी आहे' ही काकूंकडून मिळणारी सर्वोच्च पदवी. ती मिळालेल्या बायका आठवडाभर तरंगत.

त्यांचा स्वतःचा पदार्थ एकच, ब्रोकोलीचं सॅलड. अमेरिकेतल्या ओहायोहून आलेली एक फिजिओथेरपिस्ट त्यांच्या वॉर्डात होती, तिने शिकवलेलं. तिकडच्या आमिश लोकांच्या समारंभांत म्हणे हे घमेलंभर करतात. "आमिश म्हणजे कोण हो काकू?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "घोडागाडीतून फिरतात, फोन वापरत नाहीत. म्हणून त्यांना ब्रोकोली चिरायला वेळ मिळतो. तुम्हाला नाही मिळत." मूळ कृतीत बेकन असतं. मंडळात ते चालणार नाही, म्हणून काकू खरपूस भाजलेले शेंगदाणे अर्धे करून घालत. मेयॉनीजही बिनअंड्याचं. त्यात सावर क्रीम, थोडं व्हिनेगर, साखर, मीठ, किसलेलं चेडर चीज, बारीक चिरलेला कांदा. ब्रोकोलीचे तुरे कच्चेच, पण धुतल्यावर पंच्याने असे टिपायचे की नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ वाटावं. "पाणी राहिलं की सगळं क्रीम पळतं." आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये मुरवायचं आणि सकाळी मोठ्या स्टीलच्या परातीत भरून, वर फॉइल लावून, परात मांडीवर घेऊन बसने यायचं. आधी सगळे नाकं मुरडायचे. कच्ची ब्रोकोली, वर साखर! पण तिसऱ्या चमच्यानंतर रांग लागायची. मी स्वतः वाडगाभर खाल्लेलं आहे, आणि मला ब्रोकोली आवडत नाही.

मग गेल्या वर्षी जुलैत काकूंना कोविड झाला. आठ दिवसांत उठल्या. गणपतीत नेहमीसारखी परात आली. पहिला घास घेतला आणि मी मुळेकाकांकडे बघितलं. मुळेकाका म्हणजे आपले सेक्रेटरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सॅलड म्हणजे श्रीखंड झालं होतं.

आता इथे आपल्या समाजाची कला बघा. ऐंशी माणसं. त्यात डॉक्टर होते, बँकवाले होते, दिवसभर ऑफिसात 'ऑनेस्ट फीडबॅक' देणारे आयटीवाले होते. एकालाही तोंड उघडता आलं नाही. सगळे म्हणाले, "वा काकू, छान!" आणि कागदी प्लेट दुमडून कचऱ्याच्या बिनमध्ये. दिवाळीत मिठाचा पत्ता नव्हता: "छान!" संक्रांतीला व्हिनेगरने डोळ्यांत पाणी आलं: "छान, छान!" काकू टेबलावरून फेरी मारायच्याही बंद झाल्या होत्या. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

मुळेकाकांनी तर व्यवस्थाच लावली. "हे बघ, म्हातारं माणूस आहे, मन दुखवायचं नाही. तू आत नेऊन परात रिकामी कर, धुऊन त्यांना परत दे." मी घरमालकांना कोर्टात खेचण्याच्या गोष्टी करणारी, पण मान डोलावली. रिकामी परात बघून काकूंना वाटलं, लोकांना कमी पडतंय. चार ब्रोकोलीच्या सहा झाल्या. पाडव्याला नऊ.

तर एक वाजून दहा मिनिटं. मी काळ्या बिन बॅगेत नऊ ब्रोकोली खरवडतेय आणि दारात काकू. हात धुवायला आल्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. केस-पेपर भरावा तसं विचारलं, "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"म्हणजे आजची चौथी वेळ. काय बिघडलंय?"

"साखर. एकदा मीठच नव्हतं. संक्रांतीला व्हिनेगर."

"कोणाकोणाला माहितीय?"

मी चमचा सिंकमध्ये ठेवला.

"सगळ्यांना," त्याच म्हणाल्या. मग नळ सोडून हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. "मला जुलैपासून वास येत नाही. चवही नाही. गोड की खारट, काही कळत नाही. लेकीला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी मला स्टॅनमोरला, तिच्या घरी, कायमची घेऊन गेली असती. म्हटलं, मंडळात नेऊन बघू. ऐंशी जिभा आहेत. चुकलं तर कोणीतरी बोलेल. तुम्ही छान म्हणालात, मी घरी जाऊन तेवढंच प्रमाण पुन्हा घातलं. त्याच हाताने रोजचं जेवण करून खातेय."

परात उचलली, अर्धी भरलेली, आणि बस पकडायला गेल्या.

मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. आमच्या मोठ्या सभेचं पत्रक दाखवायचं निमित्त होतं, खरं म्हणजे माफी मागायची होती आणि जमत नव्हती. त्यांनी चहा दिला, पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "वा, छान झालंय."

"काकू, नीट सांगा ना."

"अगं छान आहे. खरंच. छाप तू."

मी पाचशे प्रती छापल्या, दोन दिवस दारोदार टाकल्या. सभेला माझ्यासकट चौघं. मी वैतागून पत्रक उघडलं. वार होता, वेळ होती, घरमालकांना घातलेल्या शिव्या होत्या. सभा कुठे आहे, ते लिहिलेलंच नव्हतं.

तशीच तणतणत काकूंच्या दारात. "तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्याच नजरेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं ना," काकू म्हणाल्या. "लहान आहेस. मन कशाला दुखवायचं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, खरं सांगते. काकूंनी पाच मिनिटं रडू दिलं. मग आत जाऊन एक वाटी आणली. "चाख. आणि छान म्हणालीस तर हीच वाटी डोक्यात घालीन."

मी चाखलं. "व्हिनेगर अजून जास्त आहे. कांदा जाड चिरलाय. शेंगदाणे खवट झालेत, फेकून द्या."

"खवट?" त्या एकदम गंभीर झाल्या. "मी रोज मूठभर खातेय ते." शेंगदाण्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता फ्रिज उघड. एकेक हुंगून सांग."

दोन दुधाच्या बाटल्या, अर्धं पनीर आणि एक आमटी बिनमध्ये गेली. ती आमटी त्या रात्रीच्या जेवणाची होती. त्या दिवसापासून दर बुधवारी माझी जीभ आणि नाक काकूंच्या सेवेत. त्यांनी मोजायचे चमचे आणले, गॅसचा अलार्म लावला, आणि दहा महिन्यांनी का होईना, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आल्या. चव परत येईल की नाही, सांगता येत नाही म्हणाला. "हा माणूस बरा आहे," काकूंचा निकाल. "खोटं बोलला नाही."

लेकीलाही त्यांनी स्वतःच सांगितलं. व्हायचं तेच झालं. ऑगस्टमध्ये काकू स्टॅनमोरला गेल्या. मंडळाने निरोप समारंभ केला, मुळेकाकांनी भाषण केलं, "काकूंचं ते अप्रतिम सॅलड आपण कधीही विसरणार नाही." काकू पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या, "कुठलं? बॅगेतलं का?" मुळेकाका पाणी प्यायले.

एवढं होऊनही काकूंनी मंडळ सोडलेलं नाही. यंदाच्या दिवाळीला त्या लेकीच्या गाडीतून येणार आहेत, परात घेऊन. इतक्या लांब गेल्यामुळे बुधवारची चाखणी बंद झाली आहे. प्रमाण चमच्याने मोजलेलं असेल, पण ते जमलंय की नाही, हे त्यांना तुमच्या तोंडूनच कळणार. मी हे तुमच्यासाठी, त्या रांगेत उभ्या राहिलेल्या ऐंशी जणांसाठी लिहितेय. प्लेट घ्या, खा, आणि काकूंसमोर उभं राहून सांगा: काय जास्त, काय कमी, काय जमलंय. तेवढी हिंमत नसेल तर सॅलडला हात लावू नका.